पेजेवरची बुरशी

तांदळाच्या पेजेवर आमच्या वहिनीच्या मामांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या अंधेरीत नसेल. एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ते रक्त-लघवी तपासायचे. पेशंटच्या अंगावरची बुरशी कोणत्या जातीची हे ओळखायला ती आधी वाढवावी लागे; त्यासाठी बाहेरून महागडी पावडर मागवायची, हे त्यांना पटतच नसे. उकड्या तांदळाची पेज गाळायची, जेली थिजवायचं वाण्याकडचं चायना ग्रास त्यात विरघळवायचं, मोदकपात्रात वाफवून बशीत ओतायचं, थिजल्यावर वर पेशंटचा बोळा फिरवायचा आणि बशी त्याच पात्रात झाकून ठेवायची, की झालं. एकदा गणपतीच्या आदल्या दिवशी मामी मोदकपात्र मागायला दवाखान्यात गेल्या, तर मामा शांतपणे म्हणाले, "दोन दिस थांब. आत पेशंट आसत."

आम्ही हसायचो. मग आमची सुमन आठ महिन्यांची असताना तापाने आजारी पडली. डॉक्टरांनी जंतूंवरचं नवीन औषध दिलं. ताप उतरला, पण तोंडात दह्यासारखा पांढरा थर चढला आणि तिने दूध सोडलं. डॉक्टर औषध वाढवायचं म्हणाले. मामांनी तिच्या जिभेवरून कापसाचा बोळा फिरवला.

"डॉक्टर, औषध वाढवू नका. ही बुरशी आहे."

"बुरशी कुणाच्याही तोंडात असते, मामा. ही त्रास देणारीच जात कशावरून?"

"तीन दिस द्या. पेज सांगेल."

ते तीन दिवस आम्ही चमच्याने पाणी पाजत काढले. तिसऱ्या दिवशी मामांनी डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मलाही दाखवलं: बारीक धागे आणि त्यांच्या टोकांना जाड सालीचे गोल मणी. "साध्या जाती पेजेवर असे मणी धरत नाहीत," मामा म्हणाले. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी चिठ्ठीवरचं जुनं औषध खोडलं आणि तोंडाला लावायचं जांभळं औषध लिहिलं. आठवडाभर पोर जांभूळ खाल्ल्यासारखी दिसत होती. पाचव्या दिवशी ती पोटभर दूध प्यायली, आणि माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मामांनी ती बुरशी नळीत जिवंत ठेवली, इतर पोरांच्या नळ्यांसारखीच सुमनच्या नावाची चिठ्ठी लावून. रस्त्यात भेटले की सांगायचे, "तुझी सुमन मजेत हा." मी म्हणायचो, "मामा, सुमन घरी आहे हो."

नोकरी सोडून गावी जाताना मामा निरोप घ्यायला आले. सगळ्या नळ्या उकळून आलो म्हणाले. पोरांची नावं असलेलं काही गटारात जिवंत कसं टाकायचं, असा त्यांचा सवाल. सुमन तेव्हा दुसरीत होती. तिला उजेडात उभी करून म्हणाले, "आ कर गो."

तिने तोंड उघडलं. मामा वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. काहीच न सापडल्याचा एवढा आनंद मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.