खजुराच्या खोक्याची पट्टी

शालिनीताई गेल्याचा फोन त्यांच्या मिस्टरांनी हॉस्पिटलमधूनच केला. शुक्रवार होता, मी कणीक मळत होते. आदल्याच संध्याकाळी ताईंकडे चहा पिऊन, त्यांना एक शब्द देऊन आले होते... हार्ट अटॅक, एवढंच कळलं.

इथे आखातात, उम्म अल हस्सममधल्या आमच्या इमारतीत त्या पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. ताई नागपूरच्या, आंबेडकरी घरातल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी एका परदेशी विद्यापीठाच्या संशोधनाचं काम घरबसल्या घेतलं होतं. तिकडची बालकल्याण यंत्रणा काळ्या आईचं मूल चटकन काढून घेते आणि तशाच अडचणीतल्या गोऱ्या आईला समजावून सोडते, हे का होतं, असा प्रश्न होता. त्या कुटुंबांच्या हकिकती ताई वाचत. खजुराच्या खोक्याची एक पट्टी त्यांनी कापून ठेवली होती. नाव आणि वंश सांगणारी ओळ पट्टीने झाकायची, मूल आईजवळ राहावं की नाही ते ठरवायचं, मगच पट्टी सरकवायची.

“तुम्ही थोड्याच भेदभाव करणार? पट्टी कशाला?” मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “आधी पट्टीशिवायच वाचलं गं. दोघींच्या घरी अडचण सारखीच. गोरीला मी ‘ओढाताण’ लिहिलं, काळीला ‘हयगय’. आडनाव ऐकून बदलणारे चेहरे मी जन्मभर पाहिले, मेघा... आणि माझाच हात तसा चालला.” त्यांचे डोळे भरले होते. मला मात्र वाटलं, ताई जरा जास्तच मनाला लावून घेतात.

त्या गुरुवारी मी माझंच काम घेऊन गेले होते. आमच्या वर केनियाची ग्रेस राहते, हूरा भागातल्या एका हॉटेलात शिफ्टला जाते. तिची छोटी मुलगी शाळेतून आली की दुपारभर एकटी, आमच्या डोक्यावर धावत असायची. इमारतीतल्या आम्हा मराठी बायकांच्या ग्रुपवर घरमालकाकडे तक्रार करायचं ठरलं. मजकूर मी लिहिला, ग्रुपवर टाकला आणि इंग्रजी तपासून घ्यायला ताईंकडे गेले. त्यांनी वाचलं आणि ती पट्टी उचलून माझ्या फोनवर, ग्रेसच्या नावावर ठेवली.

“वाच बरं आता.”

आई कामावर, मूल दुपारी घरात एकटं, गळ्यात किल्ली...

“कोण आहे हे?”

“आमचा ओंकार,” मी म्हटलं. ओंकार आता पुण्यात कॉलेजला आहे.

“त्याच्या वेळी काऊन नाही केली कोणी तक्रार?”

कशी करतील? तेव्हा दुपारी ताई वरणभाताचा डबा घेऊन वर यायच्या आणि बाकीच्या म्हणायच्या, किती शहाणं पोर. मला मान वर करवेना. नाही पाठवत, असा शब्द दिला.

शुक्रवारी सकाळी ग्रुपमधल्या एकीने विचारलं, “मेघाचा मजकूर पाठवून देऊ? चालेल ना सगळ्यांना?” एकेकीचा अंगठा उमटत गेला. आपणच कशाला वाईट व्हा, म्हणून मीही अंगठा दिला, फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

शनिवारी ताईंच्या घरी बुद्धवंदनेला ग्रेस आली होती. मागे उभी राहून रडत होती. जिन्यात तिने मला सांगितलं, शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा उघडली की मुलीला दुपारी स्वतःकडे ठेवून घेईन, असं ताई म्हणाल्या होत्या. आता त्या नाहीत आणि घरमालकानेही दम दिलाय, म्हणून मुलीला केनियात आजीकडे पाठवायचा विचार आहे. एक-दोन दिवसांत कुणी सांभाळणारं मिळालं तर बघू. तक्रार कुणाची, हे तिला ठाऊक नव्हतं. “इंशाल्ला, होईल सगळं ठीक,” मी म्हणाले आणि आत येऊन दार लावून घेतलं.

ताईंच्या मिस्टरांनी टेबल आवरताना ती पट्टी आठवण म्हणून मला दिली. कडा मऊ पडल्यात, एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. दुपारी ओट्याशी बसून मी ती हातात धरते. वर आता कुणी धावत नाही. त्या रविवारी मी दिवसभर घरीच होते.