काकांच्या फोनची परवानगी

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलोय. लोहाऱ्यात बसस्टँडजवळ माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, कॉम्प्युटरवर लिनक्स. लिनक्सवर प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो... फक्त एक प्रसंग सोडून.

सास्तूरच्या भागीरथीकाकू नवऱ्याचा फोन घेऊन आल्या. काका गावातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टका म्हणायचे. आपल्या मुलीसाठी त्यांनी स्वतः रचून फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवल्या आणि आजारपणात गेले. आता त्या मुलीचं लग्न परवावर आलेलं. फोन पडून डिस्प्ले फुटला होता, आणि इतक्या जुन्या मॉडेलचा डिस्प्ले सोलापुरातही मिळेना.

फुटका डिस्प्ले काढून मी बाजूला ठेवला आणि फोन कॉम्प्युटरला जोडला. काकांचा फोन मी पूर्वी दुरुस्त केला होता, तेव्हाच यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलवरून फोनमधलं काढायची सोय, चालू करून ठेवलेलं. पण कॉम्प्युटर हल्लीच फॉरमॅट केलेला, जुनी ओळख पुसलेली; त्यामुळं जोडलेला फोन दाखवणारी कमांड मारली तर आधी 'नो परमिशन्स' आलं. हे किरकोळ होतं. लिनक्सनं फोनला हात लावू द्यावा म्हणून यूडेव्हची रूल फाइल लिहिली, केबल काढून परत लावली — कॉम्प्युटरकडची परवानगी झाली. आता 'अनऑथराइज्ड'. म्हणजे फोनवर 'अलाऊ' दाबायला हवं... आणि दाबायला स्क्रीनच नाही. ती तर टेबलावर पडलेली.

"काकू, फोननं हो म्हटल्याशिवाय काही निघणार नाही," मी हात टेकले.

"त्येंचं बी तसंच व्हतं. न इचारता फोनला हात लावला की लई चिडायचे."

"मग विचारून बघा की." मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चेष्टा करतो.

काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि फोनकडं वाकल्या. "अवं, लेकीच्या लग्नाला तुमचा आवाज पायजे. घेऊ का?"

मी सवयीनं तीच कमांड परत मारली. 'अनऑथराइज्ड' गेलं होतं. त्या जागी 'डिव्हाइस' — म्हणजे परवानगी मिळालेली.

लगेच मंगलाष्टका कॉपी केल्या. मांडवात त्या वाजल्या तेव्हा लोक अक्षता टाकायचं विसरून ऐकत राहिले. मीही रडलो.

लग्नानंतर काकांचे फोटोही काढून द्यावेत म्हणून तोच फोन, तीच केबल जोडली. अनऑथराइज्ड. परत परत लावलं, लॉग वाचले... काही नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही.

काकूंना फोन करून तसं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "या बारीला इचारलं व्हतं का?"