फुलाअक्काची पुढची ओळ

रामनगरात गणपती नावाची माणसं पैशाला पासरी मिळतील, पण ‘काट्यावरचा गणपती’ म्हटलं की ट्रकवाल्यांपासून बाजारातल्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांना एकच माणूस आठवतो. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या वजनकाट्याशेजारी पत्र्याची खोली, तिच्यात पन्नाशीला टेकलेला, एका कानात इअरफोन घातलेला हा बाबा. दुसरा कान मालकाचा. गाडी काट्यावर चढली की हॉर्न वाजतो, गणपती आकडा बघतो, पावती फाडतो आणि गाडी उतरायच्या आत मान खाली घालून लिहायला लागतो.

लिहितो म्हणजे कथा लिहितो. बेळगावच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत दोन-तीन छापूनही आल्या होत्या. पहिली आली तेव्हा त्यानं पेपरचे जास्तीचे अंक घेतले आणि एक मालकाला दिला. मालकानं ‘छान, छान’ म्हणत त्यावर जेवणाचा डबा ठेवला. गणपतीला राग आला नाही. राग यायला आधी अपेक्षा लागते, आणि ती त्याला मालकाकडून कधीच नव्हती. अपेक्षा होती ती एकाच गोष्टीची, कादंबरीची. तीन वर्षं तो ती लिहीत होता आणि शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

लोकांना वाटे, गडी दिवसभर सिनेमाची गाणी ऐकतो. त्याच्या कानात होती त्याची थोरली बहीण, फुलाअक्का.

आईबाप गेले तेव्हा गणपती पाचवीत होता. अक्काचं लग्न होऊन ती गुंदला नांदत होती. ती आली आणि भावाला हाताला धरून घेऊन गेली. सासूनं कपाळाला आठ्या घातल्या, त्या पुढं सात-आठ वर्षं उतरल्या नाहीत. अक्कानं आपल्या ताटातलं भावाच्या ताटात घातलं, जोयड्याला बारावीपर्यंत शिकवला. आणि भाऊ शिकून रामनगरला काट्यावर लागला. ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी अक्का शेतात होती. बांधावरून त्यानं हाक मारली, तिनं चिखलाचा हात वर केला, झालं. तिला बरं वाटलं की वाईट, अभिमान वाटला की हा पोरगा पळून चाललाय असं वाटलं, हे ती कधी बोलली नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही. आपल्याकडं असलं विचारत नाहीत. जेवलास काय, एवढं विचारतात.

फुलाअक्का बोलायची नाही, पण गायची. भाताच्या लावणीला बायका ओळीनं वाकल्या की पहिली ओळ तिची. गाणं पाठ केलेलं नसे. ती एक ओळ टाकायची, बाकीच्या चौघी झील ओढायच्या, आणि त्या झील ओढतायत तेवढ्या वेळात अक्का पुढची ओळ जुळवायची. झील मात्र ठरलेली असायची: ‘फुडं काय गे बाय, फुडं काय झालं?’ विचारलं की सांगावंच लागतं. अक्का सांगत जायची आणि रोपं लागत जायची.

चार वर्षांपूर्वी गणपती लावणीला एक दिवस गेला होता. बांधावर छत्री धरून त्यानं ते गाणं फोनमध्ये भरून घेतलं.

‘सासू माझी म्हातारी गं, चुलीपाशी निजली’

‘फुडं काय गे बाय, फुडं काय झालं?’

‘फुलाच्या ताटातली गं, मासळी कुनी नेली’

‘फुडं काय गे बाय, फुडं काय झालं?’

‘सासू म्हणती मांजर आलं, काटा हिच्या दातात!’

चिखलातल्या चिखलात बायका खिदळत होत्या. अक्का सरळ उभी राहून ओरडली, “कुनाला धाडू नगो हां ते! माज्या घरात ऱ्हायाचं हाय मला.” गणपतीनं तो शब्द पाळला. कुणाला पाठवलं नाही, आपल्या लेकीच्या फोनवरसुद्धा नाही. शब्द पाळणारी माणसं कशी बुडतात ते पुढं दिसेलच.

त्या गाण्याची शेवटची ओळ होती, ‘धाकला माझा भाऊ गं, लोकांचं वझं बगाया गेला’. मागोमाग झील आली, फुडं काय झालं, आणि तेवढ्यात मालकाचा फोन आला. गाणं भरायचं तिथंच थांबलं. मालकाला किल्ली कुठं ठेवलीय ते हवं होतं. ते सांगून होईपर्यंत बायका भाकरीला बसल्या होत्या. अक्का आपल्यावर पुढं काय म्हणाली ते विचारू सावकाश, असं गणपतीनं ठरवलं. परवाच्या पावसाळ्यात अक्का तापानं गेली.

तर हा माणूस कथा लिहायचा तो असा. कानात अक्काची ओळ. मग झील विचारायची, फुडं काय झालं? तिनं विचारलं की त्याच्या कादंबरीतलं पुढचं वाक्य खाली उतरायचं. चौघींचा सूर ओसरायच्या आत पेन पुढं जायला हवं, हा नियम. सुरुवातीला तो गाणं थांबवून लिहायचा, मग सवय झाली. कादंबरीतही बहीण होती, भाऊ होता, खाष्ट सासू होती. शेवटच्या प्रकरणात भाऊ परत येतो आणि बहीण त्याला काहीतरी बोलते. काय बोलते, हे गणपतीला लिहिता येत नव्हतं. पण गाणं कानात होतं तोवर त्याला भरवसा होता की एक दिवस झील विचारेल आणि उत्तर हाताला येईल.

गेल्या महिन्यात एका ड्रायव्हरला गाडी सरळ घेता येईना. गणपती बाहेर येऊन हातवारे करायला लागला, इअरफोनची वायर खिडकीच्या कडीत अडकली, आणि खिशातला फोन काट्यावर पडला. गाडी सोळा चाकांची होती. ड्रायव्हरला हॉर्न देता येतो, ऐकू येत नाही. काट्यानं वजन दाखवलं, त्यात फोनचं वजनही धरलेलं असणार. बाजारातल्या फोनवाल्यानं ते तुकडे कागदावर ओतून बघितले आणि म्हणाला, “काका, ह्यातलं कायबी परत येत न्हाई.”

घरी बायको राजेश्वरी म्हणाली, “नवा घ्या की वो.” लेक प्रियांकानं नवीन फोनवर बासरी लावून दिली. बासरीनं लिहिताना मन एकाग्र होतं म्हणे. गणपतीनं आठवडाभर बासरी ऐकली आणि त्याच्या कादंबरीतली सासू एकदम गोड बोलायला लागली. ती पानं त्यानं फाडली. भजनं लावून बघितली, तर बहीण उपदेश करायला लागली. शेवटी काहीच न लावता बसला, तेव्हा नुसते ट्रक ऐकू आले. त्याला अक्काचा आवाज आठवायचा, पण ओळी एकेक करून गळत चालल्या होत्या. हे त्याला लिहिता न येण्यापेक्षा जास्त लागलं. बाई एकदा मेली होती, आता परत मरत होती, आणि ह्या खेपेला दोष त्याच्या खिशाचा होता.

मग रजा काढून तो गुंदला गेला. झील ओढणाऱ्या चौघींपैकी दोघी वारल्या होत्या, एक लेकाकडं गोव्याला गेली होती. उरली होती रुक्मामावशी, अक्काची शेजारीण. अंगणात बसून ती बाजारला न्यायच्या कोनफळाच्या कंदांची माती काढत होती.

“आरं गणपा! कवा आलास? जेवलास काय?”

“जेवलो मावशी,” म्हणत तो समोर बसला. जेवला नव्हता. त्यानं सगळं सांगितलं, गाणं, काटा, फोन. आणि विचारलं, “त्या दिवशी अक्कानं माज्यावर वळ टाकली, भाऊ लोकांचं वझं बगाया गेला म्हनून. त्याच्या फुडची वळ काय हुती, मावशी?”

रुक्मामावशी हसली. “मला रं काय ठावं? वळ तिची, झील आमची. ती काय म्हनती त्ये आईकत कोन बसतंय? तिची वळ कवा सपती आनी आमची पाळी कवा येती, येवडंच ध्यान.”

“पर म्हनली असंल की कायतरी.”

“म्हनली असंल. तुज्यावर लई म्हनायची. आमी हसायचो, येवडं याद हाय.”

“कशाला हसायचा?”

“आता त्ये काय याद ऱ्हातंय, बाबा?”

गणपती जरा पुढं सरकला. बायका आपल्यावर हसत होत्या, आणि कशाला ते सांगणारं आता जगात कुणी नव्हतं. तो म्हणाला, “मग म्हना तरी. झील म्हना. कदाचित आटवंल.”

“वळीबिगर झील कशी म्हनू? तू टाक वळ.”

गणपतीनं कधी गायलं नव्हतं. त्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि बेसूर आवाजात ओळ टाकली, ‘धाकला माझा भाऊ गं, लोकांचं वझं बगाया गेला.’

आणि रुक्मामावशीनं झील ओढली. म्हातारीचा आवाज चिरका होता, पण तोच सूर, तीच ओढ: ‘फुडं काय गे बाय, फुडं काय झालं?’ गणपतीचे डोळे भरले. तीन वर्षं हा प्रश्न कानात पडला की हात चालायचा. आत्ता आतून काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत राहिला. मावशीनं एकदा झील ओढली, दुसऱ्यांदा ओढली, मग थांबून त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं घाबरून तीच ओळ परत म्हटली.

“ही झाली की रं. फुडची टाक.”

फुडची नव्हती. इतकी वर्षं आपण कथा लिहितो असं त्याला वाटत होतं. ओळ टाकणारी अक्का होती आणि आपण तिच्यामागं झील ओढत होतो, हे त्याला त्या अंगणात कळलं. कळून उपयोग काहीच नव्हता.

मावशीला त्याची कीव आली असावी. सूर सोडून तिनं साधंच विचारलं, “बरं, गान्याचं ऱ्हाऊ दे. भाऊ वझं बगाया गेला. मग? फुडं काय झालं त्याचं?”

“काय न्हाई, मावशी,” गणपती म्हणाला. “थितंच बसलाय.”

रुक्मामावशीनं ते मनात एकदा घोळवून बघितलं. मग मान हलवली.

“ह्ये न्हाई बसत गान्यात,” ती म्हणाली, आणि तिनं पुढचं कोनफळ हातात घेतलं.