सहा कप

दापोड्याच्या गोडाऊनमध्ये मी पुस्तकांच्या पॅकिंगला होते. मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक दुकानात जात नसे. तसलंच एक सुपरवायझरने मला दिवाळीला दिलं, मिठाईच्या जागी. परदेशातल्या एका काळ्या बाईने आपलं लहानपण लिहिलेलं, मराठीत आलेलं. तिचं नाव फाटक्या पानाबरोबर गेलं होतं.

सुट्टीत अंगणात बसून मी ते आईला वाचून दाखवलं. त्या मुलीची आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची, त्यांची पोरं सांभाळायची, पण तिचं ताट वेगळं, मागच्या दाराशी. तांदूळ निवडता निवडता आईने मान वर केली. "कंच्या पाड्याची हाय ती?"

मी खो खो हसले. मग हसू जिथल्या तिथे विरलं. आई पडघ्याजवळ ज्या जमीनवाल्यांकडे भांडी घासायची, तिथे तिचाही कप वेगळाच होता. कधीतरी बशी फुटली म्हणून सहाच्या सेटातला एक तिच्या वाट्याला आलेला, निळ्या फुलांचा. घरातलं प्रत्येक भांडं तिच्या हातून निघालेलं चालायचं. तिचा कप मात्र मागच्या भिंतीच्या कोनाड्यात पालथा, कारण आम्ही आदिवासी. दहावी शिकलेली मी तो कोनाडा लहानपणापासून बघत होते आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

"उद्यापासून जाऊ नको," मी तणतणले.

"मंग खायचं काय? तुजं पुस्तक?"

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. घरात पाहुणे होते. चहाचे पाच कप मोरीवर आले. आईने ते घासले, कोनाड्यातला आपला घासला आणि सहाही एकाच टोपलीत ठेवले. काम जातंय आता, मला वाटलं. तरी मी तिचा हात धरला नाही.

मालकीण टोपली न्यायला आली, कोनाड्याकडे बघून थबकली. "तुजा कप कुठं हाय गो?"

"त्यातच हाय, मालकीणबाय." आई पदराला हात पुसत उभी राहिली. "वळखा नि द्या काडून."

मालकिणीने एकेक कप उजेडात धरून फिरवला. सगळे सारखेच लखलखीत. तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडलं, "अजून एकेक चहा होऊ द्या!" ती टोपली घेऊन आत गेली.

आईचं काम गेलं नाही. त्या दिवशी ते सगळं घर आईच्या कपातून चहा प्यालं. मेलं कोणी नाही.