बोल्टवरची गुलाबी रेघ

माझ्या नेलपॉलिशच्या बाटल्या भराभर संपायच्या, पण माझ्या नखांवर रंगाचा ठिपका दिसायचा नाही. तो रंग जायचा बोल्टांवर. आमच्या ह्यांनी अडतीस वर्षं ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त केले. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून बाजूच्या पत्र्यापर्यंत एक बारीक रेघ ओढायची, ही ह्यांची सवय. पुढे बोल्ट कणभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि गाडीखाली नुसतं डोकावून ते कळतं. वर्कशॉपमध्ये त्यासाठी पिवळ्या रंगाचा डबा असायचा. हे निवृत्त झाले, डबा तिथेच राहिला आणि धाड पडली माझ्या ड्रेसिंग टेबलावर.

माणूस पहिल्यापासून तऱ्हेवाईक. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी चहाच्या आधी हे त्यांच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल हुंगून येणार. जळका वास आला तर तोंडावर विचारणार, "गाडी चालवता की छळता?" मी लाजेने अर्धमेली. बोलणं असं फटकळ, पण हात सोन्याचा. वर्कशॉपमध्ये सगळे ह्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. घरी बसल्यावर वर्षभर लोक येत राहिले, मग हळूहळू कुणी फिरकेना. त्यातच उजव्या हाताला कंप सुटला. कप बशीवर वाजायला लागला की हे तो गुपचूप डाव्या हातात घेतात आणि मी काही पाहिलंच नाही असं दाखवते.

आमच्या चिरंजीवांनी चार वर्षांपूर्वी एसयूव्ही घेतली. तो सुनेला आणि मुलांना घेऊन आला की ह्यांची टकळी सुरू.

"गिअरचं ऑइल बदललंस का?"

"बाबा, ते आयुष्यभर बदलावं लागत नाही. पुस्तकात लिहिलंय."

"कुणाच्या आयुष्यभर? गाडीच्या की वॉरंटीच्या?"

तो हसायचा आणि मोबाइल काढायचा. मग हे दोन दिवस घुम्यासारखे खिडकीशी बसायचे. मला ते बघवेना. शेवटी एकदा मी मुलाला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "करू दे रे त्यांना एकदा. तुझं काय जातंय?" हे मी बोलायला नको होतं. अडतीस वर्षं ज्यांनी ताठ मानेने काम केलं, त्यांच्यासाठी मी पोटच्या पोराकडे कामाची भीक मागितली.

तो तयार झाला आणि पुढच्या रविवारी सकाळीच गाडी घेऊन आला. ह्यांची आठ दिवस तयारी चालली होती. फिल्टर, सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून लागणारं गॅस्केट, त्या गिअरबॉक्सला चालणारं नेमकं ऑइल, जुने पुठ्ठे आणि मला न विचारता घेतलेली माझी चांगली चादर. आधी गाडी वीस मिनिटं फिरवून आणायला लावली, कारण गरम ऑइल घाण घेऊन बाहेर येतं. मग दारासमोर पाणसळ ठेवून गाडी सपाट उभी आहे याची खात्री केली, चारी बाजूंनी स्टँड लावले आणि हे पुठ्ठ्यावर आडवे होऊन खाली सरकले.

बोल्ट निघाला आणि करपलेल्या साखरेच्या रंगाचं ऑइल घमेल्यात पडलं. ते बाटल्यांमध्ये भरून मोजलं. जेवढं निघालं तेवढंच घालायचं, असा ह्यांचा नियम. मग गिअरबॉक्सच्या तळाचं तबकडं उतरवलं. आतल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल साठला होता. तो बोटावर घेऊन ह्यांनी मुलाला दाखवला.

"हे बघ. नुसती पूड आहे, कण नाहीत. गिअरबॉक्स ठणठणीत आहे तुझा."

"हो का," तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

नवा फिल्टर, नवं गॅस्केट बसलं. मग सोळा बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. मी वाकून बघत होते. पाना हातात आला आणि कंप कुठे पळाला देव जाणे! हात असा स्थिर, जणू पंचवीस वर्षांचा गडी. "गुलाबी दे," आतून आवाज आला आणि मी बाटली सरकवली. तो बारीक ब्रश बोटांत आला मात्र, आणि हात पुन्हा थरथरायला लागला. सोळाच्या सोळा रेघा वाकड्यातिकड्या आल्या. नेमका तेव्हाच मुलगा खाली वाकला. पाना धरलेला हात त्याने पाहिलाच नाही, ब्रश धरलेला तेवढा पाहिला.

वरून नवं लालभडक ऑइल घातलं. इंजिन सुरू करून हे एकेका गिअरमध्ये दांडी नेत, थांबत, पुन्हा मागे आणत राहिले. ऑइल मोजायची पट्टी तीनदा पुसून पातळी बघितली. गाडी लांबवर फिरवून आणली. "लोण्यासारखे पडतायत गिअर!" दारातूनच ओरडले. त्या दुपारी पोटभर जेवून हे असे घोरले की कामावर असतानाचे रविवार आठवले. मी मनात म्हटलं, चला, सार्थक झालं.

गुरुवारी मुलाचा फोन आला.

"आई, बाबांना सांगू नकोस. काल गाडी सर्व्हिस सेंटरला नेली होती. ऑइल, फिल्टर, सगळं परत बदलून घेतलं."

"का रे? काही बिघडलं?"

"छे गं. उलट तिथला फोरमन म्हणाला, नवंकोरं ऑइल कशाला फेकता, ज्याने केलंय त्याने चोख काम केलंय. पण मी त्यांचा हात पाहिला ना. मुलं बसतात त्या गाडीत."

मी त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. फोरमनला जे कळलं ते तुला कळू नये? पण मुलं बसतात म्हटल्यावर मी फोन ठेवला. संध्याकाळी ह्यांना एवढंच विचारलं की चहात साखर पुरे का.

तीन महिन्यांनी सगळे पुन्हा आले. मी चहा गाळत होते आणि हे टॉर्च घेऊन बाहेर निघाले. मी गाळणी तशीच ठेवून खिडकीशी आले. गाडी काही हजार किलोमीटर चालली की रेघा तपासायच्या, हीही ह्यांची जुनीच सवय. लहानपणी ह्यांच्या मागे मागे फिरून ज्याचे शाळेचे कपडेसुद्धा ऑइलने माखायचे, तो मुलगा हे विसरला होता. पण मी कशी विसरले? बाटली तर माझीच होती.

खिडकीतून ह्यांचे पाय तेवढे दिसत होते. बराच वेळ हलले नाहीत. चहा निवला. हे बाहेर आले, गुडघे झटकले आणि घरात येऊन मुलाला म्हणाले, "गळत नाही कुठे." तो म्हणाला, "तुम्ही केलंय म्हटल्यावर कसं गळेल, बाबा?" असं म्हणताना त्याला काहीच वाटलं नाही, हे मला अजून सहन होत नाही.

ते सगळे गेल्यावर हे मोरीत हात धूत राहिले. हात स्वच्छच होते.

"एकही रेघ जुळत नाही," पाठमोरेच म्हणाले. "बोल्ट सगळे काढून लावलेत. गॅस्केटही माझं नाही. तुला माहीत होतं?"

"हो."

नळ बंद झाला. "माझं काही चुकलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर ह्यांचा हात गेला असता. नाही म्हटलं तर मुलगा जाणार होता. एकदा वाटलं, खोटं बोलावं. पण तीन महिने गप्प राहून जे केलं होतं तेच पुष्कळ झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सर्व्हिस सेंटरचा फोरमनच म्हणाला, काम चोख आहे. तरीही आपल्या पोराने सगळं बदलून घेतलं."

ह्यांनी पंच्याला हात पुसले. हत्यारांच्या पेटीतून गुलाबी बाटली काढली, झाकण घट्ट लावलं आणि आत जाऊन माझ्या ड्रेसिंग टेबलावर ठेवली. ठेवताना ती काचेवर वाजत राहिली, पण या वेळी ह्यांनी हात बदलला नाही.

"चुकलं असतं तर बरं झालं असतं गं," हे म्हणाले.