झोपलेले जंतू

दादाला क्षयरोग निघाला तेव्हा मी प्रताप नगरच्या घरात त्याच्या आणि वहिनीसोबतच राहत होते. दोन महिने त्याचा खोकला आम्ही रस्त्याच्या धुळीवर ढकलला होता. थुंकी तपासली, गोळ्या सुरू झाल्या आणि लगेच आम्हा दोघींनाही तपासणीला बोलावलं.

हातावर सुई टोचली. दोन दिवसांनी माझ्या हातावर टणक गाठ आली. वहिनीचा हात कोरा. छातीचा फोटो मात्र माझाही स्वच्छ निघाला.

"जंतू तुमच्या अंगात आहेत, पण झोपलेले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजार नाही तुम्हाला."

"मग गोळ्या काहून?"

"ते पुढे जागे होऊ नयेत म्हणून. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे."

"माझ्यापासून कोणाले होईल का?"

"नाही होणार."

बाहेर आल्यावर मी वहिनीला विचारलं, "मंग मी बिमार आहो का नाही?"

"मले काय विचारते वं," ती म्हणाली. तिलाही काही उमगलं नव्हतं.

शनिवारी गोळ्या घेतल्या की मळमळायचं, लघवी नारिंगी व्हायची. हे आधी सांगितलेलं असूनही पहिल्यांदा मी घाबरले. तिकडे दादाची भूक परतली होती. औषध सहा महिन्यांचं, पण काही आठवड्यांतच त्याच्यापासून लागण होण्याची भीती संपली होती. घरातला आजारी माणूस दोन पोळ्या जास्त खाऊन राहिला होता आणि आजार नसलेली मी पलंगावर पडून होते.

सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलवालीला मी सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून डबा वेगळा खाऊ लागली. मला राग आला. पण तिला नीट समजावून सांगायला मला तरी कुठे समजलं होतं?

बारा आठवडे संपल्यावर मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "आता ते जंतू गेले का, पाहता का एकदा?"

"सुई परत टोचली तर जंतू मेले असले तरी गाठ येऊ शकते. त्यावरून काही कळत नाही. खोकला, ताप आला, वजन उतरलं तर मात्र लगेच या."

दादाचा कोर्स संपला तेव्हा त्याच्या कार्डावर 'बरा झाला' असं लिहून आलं. वहिनीने ते दोनदा वाचलं.

"तुह्या कार्डावर काय लिहिलं?"

"गोळ्या पूर्ण घेतल्या, एवढंच."

"म्हणजे बरी झाली ना?"

मी हो म्हटलं. माझं कार्ड दादाच्या कार्डाखाली ठेवून दिलं.