सावलीतला ड्रम

हरिदास रामटेके गेले, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत दोन शब्द बोला म्हणून त्यांच्या नातीनं, दीक्षानं, शेजारच्या अनंतरावांना गळ घातली. अनंतराव गडबडले. त्यांना हरिदासांबद्दल ठाऊक होतं तरी काय? रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यात दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडचा माणूस रेल्वेत फिटर होता, त्याची बायको लवकर गेली, चहा बशीत ओतून प्यायचा. मूळ गाव भंडाऱ्याकडचं की गोंदियाकडचं, हेही कधी विचारलं नव्हतं. रोजचं बोलणं नळाचं.

त्यातल्या त्यात नीट माहीत होती ती ड्रमची गोष्ट. पण ती सभेत सांगण्यासारखी होती का?

रायपूर राजधानी झालं तशी वस्ती वाढली आणि नळाचं पाणी घटलं. हरिदासांनी अंगणाच्या मधोमध एक लोखंडी ड्रम भरून ठेवायला सुरुवात केली. मे महिन्यात त्यातलं पाणी असं तापायचं की हात घातला की चटका बसावा.

"याच्यात मच्छर झाले त उबलूनच मरते," हरिदास ऐटीत सांगत. आणि खरंच, उन्हाळ्यात त्या अंगणात डास दिसत नसे.

पुढं दीक्षा कॉलेजसाठी आजोबांकडे राहायला आली. एका दुपारी तोंड धुवायला गेली आणि किंचाळली, "आजोबा, ये पानी है कि चाय?"

त्याच संध्याकाळी हरिदासांनी ड्रम कडुनिंबाखाली ओढत नेला. माठाला गुंडाळतात तसं ओलं पोतं त्याच्यावर टाकलं. अनंतराव भिंतीपाशी उभे होते.

"हरिदासभाऊ, पाण्याले सावली केली, शेजाऱ्याले काहून नाही?"

"तुम्ही त पहिलेच थंड आहा, अनंतराव!"

दोघंही हसले. इतकी थट्टा त्यांच्यात क्वचितच झाली असेल.

पावसाळा आला, ऊन उतरलं, तरी ड्रम सावलीतच राहिला. पाणी रोज वरून भरलं जाई. तळ कधी कोणी पाहिला नाही. भादव्यात दीक्षा तापानं फणफणली. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगभर दुखणं. डेंग्यू निघाला. आरोग्य खात्याकडून तपासणीला आलेल्या बाईंनी पोतं उचललं, तर आत अळ्या वळवळत होत्या. बाईंनी समजावून सांगितलं: फार ऊन तापलं की डास टिकत नाही, कडक थंडीत त्याच्या पोटातला विषाणू सावकाश वाढतो, पण अशा उबदार, ओलसर दिवसांत डासही भराभर होतात आणि विषाणूही लवकर तयार होतो.

हरिदास खाली मान घालून ऐकत होते. "सावली मीच केली न," एवढंच ते पुटपुटले.

त्यानंतर ते दीक्षाच्या उशापाशी बसून मोसंबी सोलत राहिले. पोट्टी उठून कॉलेजात जावी, याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पलीकडे जाऊन घटकाभर बसावं असं अनंतरावांना वाटे. पण आपण जाऊन बोलणार काय, या विचारानं पाय उंबऱ्यातच अडत.

दीक्षा बरी झाली. मग हरिदासांनाच ताप चढला. तिची परीक्षा जवळ आली होती, म्हणून त्यांनी तिला, थोडी सर्दी आहे, असं सांगितलं. काही दिवसांनी ताप उतरला. त्या सकाळी ते विटेच्या तुकड्यानं ड्रम आतून घासत होते. घासून झाल्यावर त्यांनी तो ओढत पुन्हा उन्हात नेला. अनंतरावांना ते पाहून हायसं वाटलं. या दुखण्यात ताप उतरतानाच कधी कधी खरा धोका सुरू होतो, हे मोहल्ल्यात कोणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी हरिदास अंगणात कोसळले, आणि दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाला अनंतराव उभे राहिले, "फार चांगला माणूस होता," म्हणाले, आणि बसले. दीक्षा त्यांच्याकडे पाहत होती. तिला द्यायला त्यांच्यापाशी त्या शेवटच्या सकाळचं, भिंतीवरून झालेलं बोलणं तेवढं होतं.

"ताप कसा आहे, हरिदासभाऊ?"

"उतरला. आंग हलकं वाटून राहिलं."

"मंग आराम करा न."

"हव, करतो. तुमच्याकडे नळ आला का?"

"आला."

"मंग भरून घ्या लवकर."